बिनटाक्याचं ऑपरेशन

आमच्याकडे आराम टाक्यांच्या हिशेबाने मिळतो. सिझर झालं की सव्वा महिना. अपेंडिक्स पोट उघडून काढलं तर पंधरा दिवस, दुर्बिणीतून काढलं तर आठवडा, तोही बघायला येणारे येऊन जाईपर्यंत. आणि जिच्या पोटावर पट्टीच नाही, तिला मे महिन्यात सकाळी सहाला गच्चीवर पापडाच्या गोळ्यांपुढे बसवण्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मला बसवलं होतं. आदल्याच दिवशी नागपूरला धंतोलीतल्या एका नर्सिंग होममध्ये माझ्या गर्भाशयातला, जन्मापासून मधोमध असलेला पडदा कापला होता, संध्याकाळी मी ऑटोने घरी आले होते, आणि सासूबाईंचा प्रश्न अगदी सरळ होता: "टाके नाहीत म्हंता ना? मंग कायचं आपरेशन होय हे?"

सासूबाई दुष्ट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे लगेच टीव्हीवरची मालिका डोळ्यांपुढे आणतात. त्यांच्यापुढे ऑपरेशनचा एक नमुना होता, उमरेडच्या मावशींचा. मावशी म्हणजे त्यांची थोरली बहीण. सत्तरच्या दशकात मावशींना दिवस जायचे आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात सगळं संपायचं. सोनोग्राफी तेव्हा कुठली! रंग सोडून एक्स-रे काढला, त्यात गर्भाशय दोन शिंगांचं दिसलं, आणि पोट उघडून डॉक्टरांनी ती दोन शिंगं एकमेकांना शिवली. पाउल स्ट्रासमान या जर्मन डॉक्टरांनी १९०७मध्ये ही रीत पहिल्यांदा केली, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मावशी तीन महिने माहेरी होत्या, पोटाला पट्टा बांधून. पुढे दोन मुलं झाली, दोन्ही सिझरने, कारण शिवलेलं गर्भाशय कळांच्या जोराने फाटू शकतं.

मावशींच्या बेंबीखाली उभा व्रण होता आणि घरातल्या बायकांना त्या तो अधूनमधून दाखवायच्या. त्या व्रणाने त्यांना एकत्र कुटुंबात एक जागा मिळवून दिली. जड उचलायचं नाही, वाकून झाडायचं नाही, उपास धरायचा नाही. हे सगळं पुढची तीस वर्षं त्यांना माफ होतं. "तिचं तर पोट फाडलं होतं बाप्पा," असं सासूबाई सांगायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात बहिणीची काळजी असायची आणि थोडा अभिमानही. या मापाने बघितलं तर माझं काय फाडलं होतं? काहीच नाही. चालत गेले, चालत आले.

मावशींचं आणि माझं दुखणं नावाने जवळचं असलं तरी एक नव्हतं, आणि हा फरक समजायला मला बराच वेळ लागला. रंग सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये गर्भाशयाची फक्त आतली पोकळी दिसते. दोन शिंगांचं गर्भाशय असो की पडदा असलेलं, रंग दोन फाट्यांत विभागलेला दिसतो. नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे पटकन कळेल. भावांच्या वाटण्या झाल्या की वाड्यात मधोमध भिंत उभी राहते. छप्पर एकच, बाहेरची भिंत एकच, आत मात्र दोन बिऱ्हाडं. पुढे कोणी मधली भिंत काढली तर वाडा पुन्हा एक होतो. पण शेजारीशेजारी मुळातच दोन घरं असतील, वरच्या अंगाला दोन्हींच्या मध्ये बोळ असेल, आणि तुम्ही एकच वाडा समजून आतून भिंत फोडायला घेतली, तर तुम्ही थेट बोळात बाहेर पडाल. गर्भाशयाच्या बाबतीत बोळात पडणं म्हणजे पोटाच्या पोकळीत घुसणं, आणि तिथे आतडी असतात.

म्हणून आधी छप्पर बघायचं. बाहेरून गर्भाशयाचा माथा सरळ असेल किंवा तिथली खाच एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर आत पडदा आहे असं धरतात. खाच त्याहून खोल असेल तर दोन शिंगं. हे थ्री-डी सोनोग्राफीत दिसतं, एमआरआयमध्ये दिसतं. पूर्वी त्यासाठी पोटातून दुर्बीण घालून वरून बघावं लागे. दोन शिंगांच्या गर्भाशयाला आता सहसा कोणी हात लावत नाही. गर्भाशयाचं तोंड आखूड होऊ लागलं तर तिथे टाका घालतात आणि बाईवर लक्ष ठेवतात. मावशींचं दुखणं आज असतं तर बहुधा त्यांचं पोट फाडलंच नसतं. हे मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही. त्या व्रणाची पुण्याई कमी करणारी मी कोण?

मुलीच्या गर्भाशयाची सुरुवात ती आईच्या पोटात जेमतेम सहा आठवड्यांची असताना होते. डावी-उजवी अशा दोन बारीक नळ्या असतात. योहान्नेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३०मध्ये त्यांचं वर्णन केलं, त्यामुळे त्या म्युलरच्या नळ्या. पोटात मुलगा असेल तर त्याच्या वृषणांतून निघणाऱ्या संप्रेरकाने त्या विरून जातात. मुलगी असेल तर खालच्या बाजूने एकमेकींकडे सरकतात, जुळतात, आणि जुळलेल्या भागातली मधली भिंत हळूहळू नाहीशी होते. हे साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत आटोपतं. वर न जुळलेली टोकं म्हणजे बीजवाहिन्या. यात एक नळी वाढलीच नाही तर अर्धं, एकशिंगी गर्भाशय. दोन्ही जुळल्याच नाहीत तर दोन गर्भाशयं. खाली जुळल्या, वर नाही, तर दोन शिंगं. जुळल्या पण भिंत राहून गेली, तर माझ्यासारखा पडदा.

फार दुर्मीळ असंही हे नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०११मध्ये जी आकडेवारी प्रसिद्ध झाली, तिच्यात सर्वसाधारण स्त्रियांमध्ये अशा जन्मजात वेगळेपणाचं प्रमाण ५.५ टक्के होतं आणि गर्भपात झालेल्या स्त्रियांमध्ये १३.३ टक्के. शनिवारी संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर जी गर्दी असते तिच्यात अशा कितीतरी जणी दुपट्ट्याचा भाव करत असणार, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना जन्मभर पत्ताही लागणार नाही. मुलं होतात, मोठी होतात, सोनोग्राफीवाल्याने नीट वर बघितलं नाही तर विषयच निघत नाही.

माझा विषय निघाला, कारण माझे दिवस टिकले नव्हते. आणि निघाल्यावर घरात पहिला प्रश्न आला तो, हे कोणामुळे झालं असेल, हा.

माझा जन्म ऑगस्ट १९८०चा. त्या वर्षी १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा कर्नाटकातून आंध्रावरून ओडिशाकडे गेला, नागपुरात खंडग्रास होतं. आईला तेव्हा चौथा महिना लागत होता. सासूबाईंनी पंचांग न उघडता हिशेब लावला: "गिऱ्हानात काही चिरलं असन तुमच्या आईनं." भ्रूणशास्त्राच्या पुस्तकातला आणि सासूबाईंचा हिशेब नेमका जुळत होता, हीच पंचाईत. भिंत विरण्याचे आठवडे आणि ग्रहण खरोखर एकाच वेळी आले होते. आता त्या दिवशी देशात किती बायका गरोदर असतील, त्यांच्या मुलींमध्ये काय झालं, हे कोण विचारणार? आईला मी फोन केला तर ती म्हणाली, "मी तर दिवसभर खोलीतच होते गं. आजीनं बाहेरच येऊ दिलं नाही. शेवटी झोप लागली." हे सासूबाईंपर्यंत पोहोचलं. ग्रहणात गरोदर बाईने झोपायचंही नसतं.

आईने तो विषय पुढे कितीतरी दिवस सोडला नाही. सुरी हातात घेतली होती का, सुईदोरा घेतला होता का, कुलूप लावलं होतं का. निवृत्त होईपर्यंत दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवलेली बाई, आणि तीस वर्षांपूर्वीची एक दुपार मिनिटामिनिटाने तपासत बसली.

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा असं का होतं याचं एक बोट दाखवावं असं कारण सापडत नाही. आईच्या पोटात असताना बाहेरून आलेल्या गोष्टीमुळे मुलीच्या गर्भाशयाचा आकार बिघडला याचं एक उदाहरण मात्र पक्कं आहे. डाइथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचं औषध अमेरिकेत आणि युरोपात लाखो गरोदर स्त्रियांना दिलं गेलं. अमेरिकेत १९७१मध्ये गरोदरपणात ते देऊ नये असा इशारा निघाला. त्या स्त्रियांच्या मुलींमध्ये गर्भाशयाची पोकळी अरुंद, टी अक्षरासारखी आढळली. औषध दिलं होतं कशासाठी? गर्भपात होऊ नये म्हणून. ज्या एका ठिकाणी कारण सिद्ध झालं तिथेही दोष आईकडे गेला नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे गेला. आमच्या आळीत हे कोणाला सांगणार म्हणा.

आता ऑपरेशनच्या त्या अर्ध्या तासाबद्दल. पाळी संपता संपता दिवस ठरवतात, कारण तेव्हा आतलं अस्तर पातळ असतं आणि दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं. रात्रीपासून उपाशी, सकाळी भूल. काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनिमार्गातून गर्भाशयाच्या तोंडात आणि तिथून आत. गर्भाशय एरवी मिटलेलं असतं, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या. ते फुगवायला सलाईन सोडतात. मग बारीक कैचीने किंवा विजेवर चालणाऱ्या हत्याराने पडदा मधोमध कापत वर जायचं. बाहेर काढण्यासारखं काही नसतं. कापलेल्या कडा आपोआप पुढच्या-मागच्या भिंतीत सरकतात. दोन्ही बीजवाहिन्यांची तोंडं एका नजरेत दिसू लागली की हात थांबवायचा. सगळं कसब या थांबण्यात असतं, असं माझ्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मोह आवरला नाही तर माथ्याच्या स्नायूत भोक पडतं. आणि आत्ता निभावलं तरी पुढे गरोदरपणात तिथे फाटण्याची भीती राहते. म्हणून माझ्या वेळी पोटावर सोनोग्राफी सुरू ठेवून वरून लक्ष ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. आत किती सलाईन गेलं आणि बाहेर किती परत आलं, हे एक सिस्टर सतत मोजून लिहीत असतात. मधला फरक म्हणजे रक्तात शोषलं गेलेलं पाणी. सलाईन असेल तर हा फरक अडीच लिटरला पोहोचला की काम अर्धं असलं तरी थांबायचं. ग्लायसिनसारखं बिनमिठाचं द्रव वापरलं असेल तर एक लिटरलाच, कारण त्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. टाका नाही, व्रण नाही, आणि तरीही जीव धोक्यात येईल अशा जागा त्या अर्ध्या तासात आहेत. दुर्बिणीच्या ऑपरेशनला आपण 'छोटं' म्हणतो ते बाहेरच्या कातडीवरून.

भूल उतरल्यावर मला ओटीपोटात कळा आणि थोडा रक्तस्राव, एवढंच होतं. चहा-बिस्कीट, दोन-तीन तास पडून राहणं, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांची चिठ्ठी, आणि जखम भरेपर्यंत दोनेक महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत अशी सूचना. डिस्चार्जच्या कागदाबरोबर एक सीडी दिली. तेव्हा देत असत.

गच्चीवरच्या पापडांचं काय झालं ते सांगते. मी लाटले. कळा येत होत्या, ऊन चढत होतं, शेजारच्या दोन काकूही बसल्या होत्या आणि कारण सांगायची सोय नव्हती, कारण त्यांना मी कशाला दवाखान्यात गेले होते ते ठाऊक नव्हतं. दुपारी नवऱ्याने काय मनात आणलं कोण जाणे, हॉलमधल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये ती सीडी घातली. कूलरचा आवाज, पडदे ओढलेले, आणि एकवीस इंची टीव्हीवर माझं गर्भाशय. गुलाबी पोकळी, मधोमध फिकट पांढरी भिंत, डावीकडून शिरणारी इवलीशी कैची. सासूबाई सोफ्याच्या कडेवर येऊन बसल्या. कैची भिंतीला लागली तशा त्या पुढे झुकल्या. "अवो माय! हे तुमच्या पोटात कापलं?" शेवटपर्यंत बघितलं. मग उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी गूळ-तूप घालून शिरा करून आणला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला ठाऊक झालं. शेजारच्या काकूंनी तर सीडी बघायला मागितली.

टाके नसण्याचा जाच मला झाला हे खरं, पण त्याच नर्सिंग होममध्ये मी उलटंही पाहिलं. सकाळी बाकावर माझ्याशेजारी काटोलकडची एक बाई होती. "घरी दाताच्या डॉक्टरकडे चालली म्हणून सांगून आली," असं ती म्हणाली. पाचच्या बसने परत जायचं, रात्री स्वयंपाक करायचा, कोणाला काही कळू द्यायचं नाही. तिच्या घरी कळलं असतं तर तिच्यातच खोट आहे म्हणून दुसऱ्या लग्नाची भाषा निघाली असती. मला आराम हवा होता, तिला गुपित हवं होतं, आणि दोघींचं ऑपरेशन एकच. तिच्यासाठी तो न दिसणारा छेद म्हणजे सुटका होती. काउंटरवर मात्र तिला विचारत होते, "मिस्टर आलेत का?" सज्ञान बाईच्या ऑपरेशनला कायद्याने तिची स्वतःची सही पुरते. त्या काउंटरवर पुरली नाही. तिने बाहेर जाऊन फोन लावला. कोणाला, ते कळलं नाही. अर्ध्या तासाने एक भाऊ की दीर, कोणीतरी येऊन सही करून गेला.

गर्भपाताचंही तेच. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. सहा आठवडे! मी ज्या ठिकाणी शिकवते तिथल्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना. रजा घ्यायची तर दाखला द्यावा लागतो, आणि दाखला दिला की सगळ्यांना कळतं. म्हणून बायका 'व्हायरल' लिहून किरकोळ रजा टाकतात आणि तिसऱ्या दिवशी वर्गावर उभ्या राहतात.

काही मुलींच्या बाबतीत मात्र प्रश्न आरामाचाही नसतो आणि गुपिताचाही नसतो, लवकर ओळखण्याचा असतो. दोन गर्भाशयं, आणि त्यांतल्या एका बाजूचा योनिमार्ग पडद्याने बंद, असं काही जणींमध्ये असतं. अशा मुलीची पाळी सुरू होते, दर महिन्याला नीट येते, कारण मोकळ्या बाजूचं रक्त बाहेर पडत असतं. बंद बाजूचं आत साठत जातं. बारा-तेरा वर्षांची पोरगी दर महिन्याला आधीपेक्षा जास्त कळवळते आणि घरातल्या बायका म्हणतात, पाळीत दुखतंच. आल्याचा काढा, गरम पाण्याची पिशवी, एखादी गोळी. अशा मुलींना बहुतेकदा त्या बंद बाजूची किडनी जन्मतः नसते, कारण किडनी आणि गर्भाशय पोटात शेजारीशेजारी, एकमेकांच्या आधाराने तयार होतात. म्हणजे लहानपणी कधी सोनोग्राफीत 'एकच किडनी' असं निघालेलं असेल तर ती मुलगी वयात येताना गर्भाशयाकडेही बघायला हवं. इलाज खालूनच होतो, पडदा कापून वाट मोकळी करायची. पोटाला हात लावावा लागत नाही. इथे करावं की न करावं हा प्रश्नच नाही. करायलाच हवं, आणि साठलेल्या रक्ताने आतल्या गोष्टी एकमेकींना चिकटायच्या आत.

एकशिंगी गर्भाशयाला कधी बाजूला एक खुरटं, बंद शिंग असतं. त्यात अस्तर असेल तर दुखतं, आणि चुकून गर्भ तिथे रुजला तर शिंग फुटून जीव जाऊ शकतो. ते पोटातल्या दुर्बिणीने तीन-चार बारीक छेदांतून काढून टाकतात. आणि साधारण साडेचार-पाच हजारांत एकीला गर्भाशयच नसतं. बीजांडं नीट असतात, अंगाची वाढ नीट असते, फक्त पाळी येत नाही. त्यांच्यासाठी योनिमार्ग तयार करायचा तर पहिला उपाय ऑपरेशनचा नसतोच. ठरावीक आकाराच्या नळ्यांनी सराव करत हळूहळू मार्ग वाढवता येतो आणि बहुतेकींना तेवढं पुरतं. मुलासाठी सरोगसीचा कायदा आहे, २०२१चा. आणि मे २०१७मध्ये पुण्यात देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं, आईचं गर्भाशय मुलीला, तेही आईच्या पोटातून दुर्बिणीच्या मदतीने काढून. तिथेच ऑक्टोबर २०१८मध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून बाळ जन्मलं.

माझ्याकडे परत येते. मला २०१२मध्ये मुलगी झाली. साहजिकच घरात, आळीत, माहेरी सगळीकडे एकच निष्कर्ष निघाला: पडदा काढला, पोर झाली. सासूबाई तर येईल त्या बाईला धंतोलीचा पत्ता देऊ लागल्या. मीही कितीतरी वर्षं असंच सांगत होते, सांगायला सोपं आणि ऐकायला गोड. पण ज्या वर्षी माझा पडदा कापला, त्याच वर्षी, २०१०मध्ये, नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी इतर काही देशांतल्या डॉक्टरांना सोबत घेऊन एक चाचणी सुरू केली होती. गर्भाशयात पडदा असलेल्या ८० स्त्रिया घेतल्या. चिठ्ठी टाकावी तशा दोन गटांत वाटल्या. एका गटाचा पडदा कापला, दुसऱ्याचा तसाच ठेवला. निकाल २०२१मध्ये आला. पडदा कापलेल्यांपैकी ३१ टक्के स्त्रियांना मूल झालं. न कापलेल्यांपैकी ३५ टक्के स्त्रियांना.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते दोन आकडे उलटसुलट झाले असतील म्हणून पुन्हा तपासले. मग राग आला. मग वाटलं, ८० म्हणजे फार थोड्या, आणि त्या जमवायला आठ वर्षं लागली. एवढ्यावरून कायमचा निकाल लागत नाही. ते खरंच आहे. त्याआधीचे बरेच अभ्यास सांगतात की पडदा कापल्यावर गर्भपात कमी होतात. पण त्यांतले अनेक असे की ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अशी त्याच बाईची तुलना केली. ज्या बाईचे काही गर्भ गेले आहेत तिचा पुढचा गर्भ ऑपरेशनशिवायही टिकण्याची बरीच शक्यता असते. मग श्रेय कैचीला द्यायचं की नशिबाला, हे त्या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी न कापलेल्या बायकाही मोजाव्या लागतात. म्हणून मी आता 'ऑपरेशन झालं' आणि 'मुलगी झाली' ही दोन वाक्यं वेगवेगळी सांगते. मध्ये 'म्हणून' घालत नाही. सासूबाईंना हे पटलं नाही, आणि पटवण्याचा हट्ट मी केला नाही.

एक मात्र ठामपणे वाटतं. मावशींच्या काळी पोट उघडायचं होतं म्हणून डॉक्टरही दहादा विचार करत, घरचेही करत. आता पोट उघडायचं नाही, रात्र काढायची नाही, तर विचार तरी कशाला करायचा, अशी गत झाली आहे. रामदासपेठेत, धंतोलीत दोन-दोन इमारती सोडून दुर्बिणीची सोय आहे. ती असणं चांगलंच आहे. मला तिचा उपयोग झाला असेल, नसेलही. पण छेद लहान आहे एवढ्यावर ऑपरेशनची गरज सिद्ध होत नाही, आणि 'करूनच टाकू' हे शब्द हल्ली फार लवकर ऐकू येतात.

गेल्या महिन्यात ते माझ्या भाचीने ऐकले. ती मिहानमध्ये नोकरी करते, लग्नाला वर्ष झालं. पाळीत दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात पडदा निघाला. दिवस कधी गेलेले नाहीत, जावेत असा प्रयत्नही नाही. तरी एका ठिकाणी सांगितलं, निघालाच आहे तर काढून घ्या. ती मला फोनवर म्हणाली, "मावशी, ते म्हणून राहिले का अर्ध्या तासाचं काम आहे, शुक्रवारी केलं तर सोमवारी ऑफिस." तिच्या वेळच्या ग्रहणाचा शोध अजून कोणी घेतलेला नाही, पण घेतील.

विम्याचंही तिने विचारून ठेवलं होतं. आतल्या अवयवांच्या जन्मजात दोषाला विमा कंपन्यांना आता सरसकट बाजूला काढता येत नाही, मात्र वंध्यत्वावरचे उपचार त्यांना वगळता येतात. त्यामुळे कागदावर ऑपरेशनचं कारण काय लिहिलं आहे यावर बरंच ठरतं. विम्याच्या डेस्कवरच्या मुलाने तिला विचारलं, "मॅडम, हे बेबीसाठी करताय का?" ती म्हणाली, मला पाळीत दुखतं. त्याने फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि तिला वाचायला दिलं नाही.

मी तिला एवढंच म्हटलं की दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखव आणि काही गोष्टी विचार. माथ्याची खाच मोजली का, कशावर मोजली? तुझं दुखणं पडद्यामुळेच आहे असं कशावरून? आत्ता नाही कापलं तर काय होईल? ती गेली. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी थ्री-डी सोनोग्राफी स्वतः पुन्हा केली, पडदा आहे आणि लहान आहे असं सांगितलं. दुखण्याचं कारण तो नसावा, एन्डोमेट्रिऑसिसच्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो त्या आजाराच्या, दिशेने बघू, म्हणाल्या. मूल कधी हवंय, असं विचारलं. भाची म्हणाली, अजून ठरलं नाही. "मग ठरलं की या," असं म्हणून त्यांनी फाइल मिटली.

तिथून निघून ती थेट माझ्याकडे आली, वैतागलेली. "आठशे रुपये घेतले मावशी, आणि म्हणे काही करू नका!" मी तिच्यापुढे तर्री-पोहे ठेवले आणि किडनीचं विचारलंस का, म्हटलं. ते तिने विचारलं होतं. दोन्ही जागेवर आहेत.